एका मोडलेल्या मनगटाचा समाचार

यंदाच्या कार्तिकांत आम्हां उभयतांस नाशकास जाण्याचा योग आला, तो गोदास्नानाकरितां नव्हे. आमच्या थोरल्या आत्याबाई ऋषिपंचमीच्या सकाळीं रामकुंडाजवळच्या पायऱ्यांवर घसरल्या आणि त्यांच्या उजव्या हाताचें मनगट मोडलें, हें वर्तमान भाद्रपदांतच कळलें होतें. फोनवरून समाचार घेणें चालू होतें. पण कोजागिरीच्या सुमारास प्लॅस्टर निघालें तरी हात कांहीं चालेना असें ऐकलें, तेव्हां प्रत्यक्ष पाहिल्यावांचून चैन पडेना. त्यांतून आमच्या आतेभावानें बोलतां बोलतां सांगितलें, 'हल्लीं आईला दिवसाआड दवाखान्यांत नेतों. तिथं डोळ्यांवर यंत्र बांधून ती फुगे फोडते.' ही थट्टा कीं खरें, हें आम्हांस उमजेना. आत्याबाईंचें वय एकाहत्तर. लहानपणीं आम्हीं त्यांच्या अंगणांत फुगा फोडला, तर दुपारची झोंप मोडली म्हणून बोलणीं खावीं लागत.

सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसनें दादरहून निघालों. कसाऱ्यास मागून जादा इंजिनें लागलीं आणि गाडी थळघाट चढूं लागली. पाऊस जाऊन कांहीं दिवस झाले असले तरी दरींतलें गवत अजून पुरतें पिवळें पडलें नव्हतें. बोगद्याच्या तोंडाशीं पाणी ठिबकत होतें. इगतपुरीस गार वारा अंगावर आला, तेव्हां शेजारच्या बाकावरील एका गृहस्थांनीं पिशवींतून मफलर काढला आणि आपण मूळचे नाशिककर असल्याचें न सांगतां सिद्ध केलें. दहा वाजण्याच्या आंत नाशिकरोड आलें. तेथून गांव आठ-नऊ किलोमीटर. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू असल्यामुळें वाटेंत ठिकठिकाणीं रस्ते उकरलेले. रिक्षावाला म्हणाला, 'कुंभ बारा वर्षांनीं येतो, पण त्याचे खड्डे आधींच मुक्कामाला येतात.'

वाडा जुन्या नाशकांतला, सुंदरनारायणाच्या देवळाच्या बाजूनें नदीकडे उतरणाऱ्या एका बोळांतला. आत्याबाई ओटीवर बसल्या होत्या. उजवा हात पदराखालीं. आम्हीं वांकून नमस्कार केला, तेव्हां आशीर्वादाकरितां त्यांनीं डावा हात उचलला, आणि चूक ध्यानांत येतांच ओशाळून तो खालीं घेतला. 'उजवा अजून शहाणा झाला नाहीं,' त्या म्हणाल्या.

घर तेरा माणसांचें. दोन सुना, त्यांतल्या थोरल्या म्हणजे आमच्या वहिनी, आणि एक नातसून. या तिघींनीं मिळून आत्याबाईंच्या हातचें एकेक काम काढून घेतलें होतें. भाजी निवडावयाची नाहीं, ताक घुसळावयाचें नाहीं, देवघराच्या कुलुपांत किल्ली फिरवावयाची नाहीं. जेवावयास चमचा, आणि तोहि डाव्या हातांत. पाण्याचा पेला भरून जागेवर येई. ही सगळी मायाच. परंतु एकत्र कुटुंबाची माया कधीं कधीं प्लॅस्टरासारखी घट्ट बसते, आणि ती काढण्याची तारीख कोणी लिहून देत नाहीं.

आत्याबाईंच्या मनास लागलें होतें तें निराळेंच. गेल्या वर्षीं त्यांनीं लक्षवातीचा संकल्प केला होता. एक लाख वाती स्वतःच्या हातानें वळावयाच्या, आणि त्या या त्रिपुरी पौर्णिमेस लावावयाच्या. नातू इंजिनियरिंगला आहे. त्यानें एका वहींत रोजचा हिशेब ठेवला होता. गणेशचतुर्थीपर्यंत ६२,४०० वाती झाल्या होत्या. त्यापुढचीं पानें कोरीं. पिंजलेला कापूस डब्यांत होता तसाच होता. घरांतील कोणीहि उरलेल्या वाती वळून दिल्या असत्या. तसें विचारूनहि झालें होतें. 'संकल्प माझा आणि बोटं दुसऱ्याचीं, असं कसं चालेल?' एवढें बोलून त्यांनीं तो विषय मिटवला होता.

मनगटाचा हा मोड म्हणजे पडणाऱ्याच्या सावधपणाचाच परिणाम होय. तोल जातांच माणूस हात पुढें टाकतो. सारा भार तळहातावर येतो, आणि कोंपरापासून मनगटाकडे येणाऱ्या दोन हाडांपैकीं अंगठ्याच्या बाजूचें हाड मनगटाच्या वर इंचभर अंतरावर मोडतें. उतारवयांत स्त्रियांचीं हाडें विरळ होत जातात, म्हणून त्यांच्यांत हा मोड अधिक. डब्लिनचे शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस यांनीं १८१४ सालीं याचें वर्णन प्रसिद्ध केलें. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा; म्हणजे हाड डोळ्यांस दिसण्याची सोय होण्यापूर्वीं ऐंशी वर्षें आधीं, केवळ बोटांनीं चांचपून, त्यांनीं हें ओळखलें होतें. अशा हाताचें व्यंग पुढें राहिलें तरी त्याची हालचाल कालांतरानें परत येते, असाहि दिलासा त्यांनीं दिला होता. त्या कालांतराचेंच काय तें दुःख. हाड बहुधा सहा आठवड्यांत सांधतें. पण तोंवर बांधून ठेवलेल्या सांध्याचें आवरण आंखडतें, सूज रेंगाळते, बोटांच्या दोऱ्या आपापल्या म्यानांत चिकटूं पाहतात. दुखेल या भीतीनें रोगी हात हालवीत नाहीं, आणि हालवला नाहीं म्हणून तो अधिक दुखतो.

त्याच दिवशीं सायंकाळीं आतेभावाबरोबर घाटावर गेलों. गोदावरी आतां शांत होती. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कंबरेस पाणी लागलें, छातीस लागलें, अशा भाषेंत नाशिककर पुराची मोजदाद करतात. पूर ओसरला, कीं तो जातांना पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ ठेवून जातो. आत्याबाई पडल्या ती पायरी भावानें दाखवली. चार बोटें रुंदीचा हिरवा पट्टा अजून तेथें होता. एवढ्याशा शेवाळानें एका घराची दोन महिन्यांची घडी विसकटावी, याचा विचार करीत आम्ही नारोशंकराच्या देवळाकडे पाहत उभे राहिलों. परततांना भांडीबाजारांतून आलों. एका दुकानांत कारागीर तांब्याच्या घंगाळावर ठोके घालीत बसला होता. त्याचा खांदा जागचा हालत नव्हता. सारें काम मनगट करीत होतें, आणि तें शेकडों वेळां तीच एक हालचाल करीत असूनहि थकत नव्हतें. पुढें तीन दिवसांनीं दवाखान्यांत आम्हांस या माणसाची आठवण झाली.

दवाखाना गंगापूर रस्त्याच्या बाजूस, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. तेथील फिजिओथेरपिस्ट बाई वयानें तरुण, बोलावयास मोकळ्या. त्या नाशकांतच शिकलेल्या. देशांतील फिजिओथेरपीची पहिली शाळा मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत १९५२ च्या सुमारास निघाली. आज राज्यांतील या विषयाच्या बहुतेक महाविद्यालयांची पदवी दिंडोरी रस्त्यावरच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, आणि तें विद्यापीठ १९९८ पासून नाशकांत आहे. तेव्हां तीर्थाबरोबर ही एक नवी विद्याहि या गांवच्या नांवानें महाराष्ट्रभर जाते, हें आमच्यासारख्या पाहुण्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

बाईंनीं आधीं कोनमापक लावून हात मोजला. धडधाकट मनगट तळहाताच्या बाजूस सुमारें ८० अंश आणि उलट बाजूस सुमारें ७० अंश वांकतें; कोंपर अंगाशीं धरून तळहात आकाशाकडे वळवला तर तो सुमारें ८० अंश वळतो. आत्याबाईंचा तळहात पहिल्या दिवशीं ३० अंश वळला होता, त्या दिवशीं ४० वळला. १९८५ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका मोजणींत असें ठरलें होतें, कीं नित्याच्या बहुतेक कामांस मनगट मागें ३० व पुढें ५ अंश वांकलें तरी पुरे. आम्हीं हें ऐकून आत्याबाईंकडे पाहिलें. दोन तळहात जोडून नीट नमस्कार करावयाचा, तर मनगट मागें सत्तर अंशांच्या आसपास वांकावें लागतें. आणि पळीनें घातलेलें तीर्थ उजव्या तळहातावर घ्यावयाचें, तर हात पुरता उताणा व्हावा लागतो. त्या मोजणींत तीर्थ नव्हतें. बाई हंसून म्हणाल्या, 'म्हणून तर मी पुस्तकांतले आंकडे आजींना सांगत नाहीं. तुम्हांला काय करायचंय तें सांगा, असं विचारते.' मनगट हा तसा या जिल्ह्याचा जुनाच विषय. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाची विद्या पुन्हां उजेडांत आणली, ती वणीच्या सप्तशृंग गडावर राहून, असें सांगतात. असो.

मग तें यंत्र आलें. दिसावयास पाणबुड्याच्या चष्म्यासारखें, पण पुढून बंद. आंत प्रत्येक डोळ्यापुढें एक भिंग आणि त्यामागें चित्राचा पडदा. दोन डोळ्यांस किंचित् निराळीं चित्रें दिसतात, त्यामुळें खोलीचा भास होतो. मान वळवली कीं चित्रहि वळतें, म्हणून आपण त्या चित्रांतच उभे आहों असें वाटतें. यालाच इंग्रजी नांवानें व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात; आपण आभासी सृष्टि म्हणूं. यंत्राच्या बाहेरच्या अंगास बारीक कॅमेरे आहेत. ते रोग्याचा हात पाहतात, प्रत्येक बोटाचा सांधा कोठें आहे हें क्षणोक्षणीं ताडतात, आणि चित्रांतला हात त्याबरहुकूम हालवतात. हातांत कांहीं धरावें लागत नाहीं. दुखऱ्या मुठीस हें फार सोयीचें. बाजारांत सहज मिळणाऱ्या यंत्रांत ही सोय २०१९ च्या अखेरीस आली.

आत्याबाईंनीं पहिला प्रश्न केला तो आमच्या अपेक्षेप्रमाणेंच. 'हें आधीं कोणाच्या कपाळाला होतं?' बाईंनीं न रागावतां औषधाच्या बोळ्यानें पट्टा पुसला, डोळ्यांभोंवतीं कागदाचा नवा मुखवटा लावला आणि म्हणाल्या, 'आजी, त्या कोपऱ्यांत बसले आहेत ना, त्यांच्या.' कोपऱ्यांत तिशीचा एक माणूस उजव्या हाताचीं बोटें भातानें भरलेल्या वाडग्यांत घालून बसला होता. त्याच्याविषयीं पुढें सांगतों.

खेळ तीन होते. पहिल्यांत रंगीत फुगे तरंगत येतात; ते मनगट मागें वांकवून तळहातानें ढकलावयाचे. दुसऱ्यांत अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटींत मणी उचलून दोऱ्यांत ओंवावयाचे. तिसऱ्यांत झारी धरून हात उताणा करीत कुंड्यांना पाणी घालावयाचें. आत्याबाईंस जें दिसत होतें तें शेजारच्या पडद्यावर आम्हांसहि दिसत होतें. फुग्यांच्या खेळांत त्या पहिल्यानें भ्याल्या. हात छातीशीं ओढून घेतला. मग एक फुगा नाकाशीं आला, तेव्हां त्यांनीं तो चटकन् परतवला. तो उजव्या हातानें परतवला, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. आमच्या आलें, वहिनींच्या आलें. वहिनींनीं पदर तोंडाशीं धरला.

मणी ओंवण्यांत त्यांचें मन रमलें नाहीं. 'हाताला मणी लागतच नाहीं,' अशी त्यांची तक्रार होती, आणि ती रास्त होती. या सृष्टींत वस्तूला वजन नाहीं, स्पर्श नाहीं. मुठीचें बळ तेथें वाढत नाहीं. त्याकरितां खरी कणीकच तिंबावी लागते. बोटें एकमेकांआड गेलीं कीं कॅमेऱ्यांस दिसेनाशीं होतात आणि चित्रांतला हात भलताच वेडावांकडा होतो. दुसरा धोका अधिक गंभीर. झारीचा खेळ संपल्यावर आत्याबाई उठावयास निघाल्या आणि आधाराकरितां समोरच्या मेजावर हात टेकावयास गेल्या. मेज चित्रांतलें होतें. बाईंनीं खुर्चीची पाठ धरूनच ठेवलेली होती आणि दुसरा हात आत्याबाईंच्या खांद्याखालीं होता, म्हणून निभावलें. 'याकरितांच हें यंत्र मी म्हाताऱ्या माणसांना एकट्यानं घरीं लावूं देत नाहीं,' त्या म्हणाल्या. कित्येकांस डोळ्यांना हालचाल दिसते पण कानांतल्या तोलाच्या इंद्रियास ती जाणवत नाहीं, या विसंगतीमुळें मळमळतें. फेफऱ्याचा विकार असलेल्यांस तर हें टाळावेंच.

या यंत्राचा इतिहास पाहिला तर त्यांत रोग्यांचा विचार बराच उशिरा आलेला दिसतो. अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं १९६८ सालीं डोळ्यांपुढें बांधावयाचा पहिला पडदा केला, तो इतका जड होता कीं छतास टांगून ठेवावा लागे. पुढें टॉमस झिमरमन यांनीं बोटांची हालचाल ओळखणारा हातमोजा केला. त्याच्या मुळाशीं गिटार हातांत नसतांना हवेंतच वाजवण्याची हौस होती. औषध म्हणून या विद्येचा लौकिक झाला तो सिॲटल शहरांत. तेथें हंटर हॉफमन व त्यांचे सहकारी यांनीं भाजलेल्या रोग्यांकरितां बर्फाची एक आभासी दरी तयार केली. जखमा धुतांना रोगी त्या दरींत बर्फाचे गोळे फेंकीत राही, आणि तेवढा वेळ वेदना कमी वाटली असें सांगे. मनाचें लक्ष एका वेळीं फार ठिकाणीं पुरत नाहीं. तें खेळांत गुंतलें कीं दुखण्याच्या वांट्यास थोडें येतें. आपल्याकडे लहान मुलास कानांत औषध घालतांना चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगतात, त्यांतलाच हा प्रकार. पण चिमणी-कावळ्याच्या गोष्टीस बोटांचे सांधे मोजतां येत नाहींत.

बाईंनीं आणखी एक गुपित सांगितलें. खेळ असा लावतां येतो, कीं रोग्यानें हात दहा अंश वळवला तर चित्रांतला हात पंधरा अंश वळलेला दिसावा. मग कुंडींत पाणी पडतें, रोग्यास उमेद येते, आणि तो पुढच्या खेपेस थोडा अधिक वळवतो. हळूहळू हा वाढावा कमी करीत न्यावयाचा. आत्याबाईंनीं हें ऐकलें आणि त्यांचा चेहरा उतरला. 'म्हणजे मी घातलेलं पाणी खोटंच कीं!' बाई म्हणाल्या, 'आजी, नातवानं पहिलं पाऊल टाकून बसकण मारली, तेव्हां तुम्ही चालला, चालला म्हणालांच ना?' आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. परंतु त्या दिवसापासून खेळ सुरू होण्यापूर्वीं त्या विचारीत, 'आज खऱ्याचं कीं वाढाव्याचं?' आणि खऱ्याचेंच लावावयास सांगत. आम्हांस विचाराल तर त्यांचें बरोबर होतें. उमेद देण्याकरितां केलेली फसवणूक एकदां कळली, कीं तिच्यांतली उमेद जाते.

या खेळांचा गुण खरोखर किती, हें आम्हीं स्पष्टच विचारलें. अशा वेळीं दुकानदाराचें उत्तर मिळण्याचा संभव असतो. येथें तसें झालें नाहीं. बाईंनीं दोन आढावे सांगितले. कॉक्रन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेनें २०१७ सालीं पक्षाघाताच्या रोग्यांवर झालेले अशा खेळांचे ७२ प्रयोग तपासले. त्यांत २,४७० रोगी होते. नेहमींच्या व्यायामाच्या जागीं तितकाच वेळ हे खेळ दिले, तर हातास अधिक गुण येतो असें दिसलें नाहीं. मात्र नेहमींच्या व्यायामांत यांची भर घालून एकूण वेळ वाढवला, तर उपयोग होतो असें आढळलें. मोडलेल्या मनगटाविषयीं याच संस्थेचा आढावा २०१५ चा आहे. त्यांत सर्व तऱ्हेच्या उपचारांचे २६ प्रयोग आणि १,२६९ रोगी होते; अमुक उपचार तमुकाहून सरस असें ठरवण्याइतका पुरावा त्यांत मिळाला नाहीं. 'म्हणून मी कोणाला सांगत नाहीं, कीं यंत्रानं हात बरा होईल,' बाई म्हणाल्या. 'मी आजींना घरीं दिवसांतून पांच वेळां, दर वेळीं दहादां हात वळवायला सांगितलं होतं. किती केलं?'

आत्याबाईंनीं खालीं पाहिलें. वहिनी म्हणाल्या, 'एक वेळ. आणि तेंहि चारदां.'

यंत्रानें त्या दिवशीं वीस मिनिटांत एकशें तीस वळणें मोजलीं होतीं. भांडीबाजारांतला तो ठोके घालणारा हात आमच्या डोळ्यांपुढें आला, तो या आंकड्यानें. त्याच्यापुढें घंगाळ असतें. ठोका कशाकरितां घालावयाचा हें त्यास माहीत असतें. आत्याबाईंच्या हातापुढें गेले कित्येक आठवडे कांहींच नव्हतें. भिंतीकडे तोंड करून हात उताणा-पालथा करणें यांत कोणाचें मन लागेल? आणि ज्या कामांत मन लागलें असतें, तीं सारीं आम्हींच, म्हणजे घरच्यांनींच, मायेनें उचलून नेलीं होतीं. वहिनी परततांना रिक्षांत हेंच बोलल्या. 'हात आम्हींच बांधून ठेवला होता हो. डॉक्टरांनीं सोडला, आम्हीं सोडला नाहीं.'

बाईंनीं घरीं करावयाचें जें सांगितलें, त्यांत विकत आणावयाचें कांहीं नव्हतें. लाटणें मध्यावर धरून तें दोन्ही बाजूंस कलतें करावयाचें. हात वळावयास याहून सोपें साधन नाहीं. ओला पंचा पिळावयाचा. भाताच्या वाडग्यांत बोटें घालून तीं उघडावयाचीं. ओझें मात्र इतक्यांत उचलावयाचें नाहीं. आत्याबाईंनीं भीत भीत वातींचें विचारलें. 'वाती? अहो आजी, त्या तर पहिल्या दिवसापासून चालल्या असत्या! कापसाला वजन कुठं आहे?' हें उत्तर ऐकून आत्याबाईंनीं आतेभावाकडे असें पाहिलें, कीं त्यानें खिडकीबाहेर मान वळवली. प्लॅस्टर काढल्यावर हात हालवावयास सांगतात. पण कोणता हात कोणत्या कामाकरितां थांबला आहे, हें विचारावयास सवड कोणास असते?

आतां त्या कोपऱ्यांतल्या माणसाविषयीं. तो सिन्नर तालुक्यांतला. अंबडच्या औद्योगिक वसाहतींत एका लहानशा कारखान्यांत पत्रा दाबण्याच्या यंत्रावर कामास होता. त्याच्या दोन बोटांचीं शेंडें गेलीं होतीं, आणि अंगठ्याची दोरी शस्त्रक्रियेनें सांधली होती. नाशिक म्हटलें कीं आम्हांस देवळें, द्राक्षें आणि चिवडा आठवतो. पण अंबड-सातपूरच्या छपरांखालीं हजारों हात रोज यंत्रांच्या जबड्यांत जाऊन बाहेर येतात, आणि कांहीं नीट बाहेर येत नाहींत. त्या हातांची गोष्ट आमच्या घरांत क्वचितच निघते. आत्याबाईंच्या हाताकरितां घरांत तेरा माणसें होतीं. याच्या हाताकरितां त्याची बायको होती, आणि ती द्राक्षबागेंत मजुरीस जात असे. दवाखान्याचे पैसे आणि बसभाडें जमलें तरच तो येई. बाई त्याच्याकडून कमी घेत, हें आम्हांस मागून कळलें. मण्यांच्या खेळांत त्याचा हात कोणी धरीत नसे. वीस मिनिटांत चाळीस मणी! त्यानें आतेभावास विचारलें, 'हें यंत्र केवढ्याला पडतं?' आंकडा ऐकून तो हंसला. त्याच्या दोन महिन्यांच्या मजुरीहून तो अधिक होता. शिवाय मालक विचारीत होते तें निराळेंच: पत्रा घट्ट धरतां येईल कधीं? त्याचें उत्तर मण्यांत नव्हतें.

आत्याबाई पहिल्या दिवशीं त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. तिसऱ्या खेपेस त्या त्याच्या शेजारीं बसून त्याचीं बोटें पाहत होत्या. 'कणीक तिंबतोस का रे घरीं?' त्यांनीं विचारलें. तो लाजला. 'बायकोच्या हातून काढून घे,' आत्याबाई म्हणाल्या. 'सांग, डॉक्टरबाईंनीं सांगितलंय.' बाईंनीं तें ऐकलें आणि खरोखरच त्याच्या कागदावर लिहून दिलें.

आम्ही आठ दिवस राहिलों. घरांत दुसऱ्याच दिवसापासून कामांची परतफेड सुरू झाली. वहिनींनीं देवघराची किल्ली सासूबाईंच्या पुढ्यांत ठेवली आणि स्वतः स्वयंपाकघरांत जाऊन उभ्या राहिल्या. कारण जवळ राहिलें तर हात आपोआप पुढें होतो. कुलूप उघडावयास पहिल्या दिवशीं आरती थांबवावी लागली. धाकट्या मुलांनीं कुरकूर केली, ती कोणी मनावर घेतली नाहीं. वातींची वहीहि पुन्हां उघडली. पहिल्या दिवशीं अकरा वाती. त्यांतल्या सहा नातवानें हिशेबांत धरल्या नाहींत. दोघांत बरीच हुज्जत झाली, आणि तडजोडीनें नऊ लिहिल्या. सहाव्या दिवशीं चौपन्न झाल्या.

त्रिपुरी पौर्णिमेस लाख वाती होणार नाहींत, हें उघडच होतें. गुरुजींस विचारलें, तेव्हां त्यांनीं पुढच्या वर्षीं पुऱ्या करून लावाव्या असें सांगितलें. सायंकाळीं घाटावर जाण्याचा विषय आत्याबाईंनीं स्वतःच काढला नाहीं. चौकांतल्या तुळशीपुढें साडेसातशें पदरांची त्रिपुर वात लावली, तेव्हां बोळाच्या टोंकाकडून नदीवरच्या दिव्यांचा उजेड भिंतीवर हालत होता. नंतर भावानें तीर्थ दिलें. आत्याबाईंनीं उजवा हात पुढें केला. डाव्या हातानें त्यास खालून आधार दिला होता. त्या दिवशीं दवाखान्यांत कोनमापकानें ५० अंश दाखवले होते. पळींतलें निम्में पाणी बोटांवरून ओघळून साडीवर पडलें. निम्में राहिलें तें त्यांनीं घेतलें, आणि ओला तळहात डोक्यावरून फिरवला.

दुसऱ्या दिवशीं निघतांना त्यांनीं आमच्या हातांत कागदाची एक पुडी दिली. उघडून पाहतों तों वाती. कांहीं जाड, कांहीं मध्येंच पिळवटलेल्या.

'या वहींत धरल्या नाहींत,' त्या म्हणाल्या. 'वांकड्या झाल्या. तुमच्या घरच्या निरांजनाला चालतील.'